डूमच्या मातोश्री

डॉक्टर डूम हा माणूस वाईट आहे, याविषयी आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. विषयच कधी निघाला नव्हता हे खरं. पण निघाला असता तरी दुमत झालं नसतं. जो गृहस्थ सदासर्वकाळ लोखंडी मुखवटा घालून हिंडतो, विद्यापीठातून हाकलला जाऊनही नावामागे 'डॉक्टर' लावतो, आणि 'मला भूक लागली' असं साधं न बोलता 'डूमला भूक लागली आहे' अशा थाटात बोलतो, त्याच्याविरुद्ध आणखी पुरावा कशाला हवा? स्वतःविषयी तृतीय पुरुषात बोलणाऱ्या माणसांपासून मी फार पूर्वीपासून चार हात दूर राहतो. माझे एक साहेब तसे बोलत. 'साहेबांना हे आवडलेलं नाही,' असं ते स्वतःच टेबलाशी येऊन सांगत, आणि आम्ही इकडेतिकडे बघत बसायचो, की कोण बुवा हे साहेब आणि त्यांना कुणी दुखावलं!

ज्यांचा डूमशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकेतल्या 'मार्व्हल' कंपनीच्या चित्रकथांमधला हा खलनायक. 'फँटॅस्टिक फोर' या मालिकेच्या पाचव्या अंकात, १९६२ साली, त्याचा अवतार झाला. लॅटव्हेरिया नावाच्या, कुठल्याच नकाशात न सापडणाऱ्या युरोपीय देशाचा तो सर्वसत्ताधीश. त्याला विज्ञानही येतं आणि जादूही येते. दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे गेली की काय होतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तर अशा या डूमची बाजू घेऊन आमच्या घरात भांडण झालं, त्याला कारण एक ट्रंक. भाच्याने परदेशी जाताना ती आमच्या माळ्यावर टाकली. 'मामा, सांभाळा हं, यांना पुढे किंमत येईल,' म्हणाला. सगळी जुनी इंग्रजी कॉमिक्स. ती रद्दीत निघतील या भीतीने मी एक दिवस ट्रंक उघडली, आणि 'आयर्न मॅन' मालिकेचे १४९ आणि १५० क्रमांकाचे दोन अंक हाती आले. साल १९८१. लेखक डेव्हिड मिशेलिनी आणि बॉब लेटन, चित्रं धाकट्या जॉन रोमिटांची. मुखपृष्ठावर लोखंडी कपड्यातले दोन इसम एकमेकांच्या उरावर बसलेले. एक अर्थात डूम. दुसरा आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क नावाचा कारखानदार. हा स्टार्क १९६३ साली जन्माला आला तेव्हा शस्त्रास्त्रं बनवून विकायचा. व्हिएतनाममध्ये स्फोटात त्याच्या छातीत लोखंडाचे तुकडे घुसले, आणि जीव वाचवायला त्याने जे चिलखत बनवलं त्याच चिलखतात तो पुढे जगाचा जीव वाचवत हिंडू लागला.

गोष्ट अशी, की स्टार्कच्या कंपनीचं काही यंत्रसामान त्याच्या परस्पर डूमच्या देशाला विकलं जातं. ते परत मिळवायला स्टार्क चिलखत चढवून थेट लॅटव्हेरियात जातो. (व्यवहार मोडायला मालक जातीने गेल्याचं हे मी वाचलेलं एकमेव उदाहरण. आमच्याकडे कुकर परत करायचा तर मालक नेमका गावाला गेलेला असतो.) तिथे दोघांची मारामारी चाललेली असताना डूमचाच एक नोकर कालयंत्राची कळ दाबतो आणि दोघांना भूतकाळात फेकून देतो. या नोकराच्या भावाला डूमने पूर्वी मारलेलं असतं. त्याचा हा सूड. दोघं जाऊन पडतात ते राजा आर्थरच्या कॅमेलॉटमध्ये.

आता, डूमला हे ठिकाण नवीन नाही. म्हणजे गेला नव्हता, पण डोळा होता. १९६२ च्या त्या पहिल्याच अंकात त्याने चार नायकांपैकी तिघांना भूतकाळात पिटाळलं होतं, ते काळदाढ्या चाच्याचा खजिना आणायला. कारण त्या खजिन्यात आर्थरचा जादूगार मर्लिन याची रत्नं होती. तेव्हा ती मिळाली नाहीत. इतकी वर्षं माणूस एकाच पेढीच्या पायऱ्या झिजवतोय म्हणजे गरज काहीतरी नडीची असणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं असं आमची ही म्हणते.

गरज होती आईची. डूमची आई चेटूक करणारी होती. तिने सैतानाशी करार केला आणि मेल्यावर तिचा आत्मा त्याच्याकडे तारण राहिला. तेव्हापासून मुलगा तो सोडवायच्या खटपटीत आहे. १९७१ सालच्या एका कथेत दाखवलंय, की दरवर्षी उन्हाळ्यातल्या एका ठरावीक रात्री तो पाताळातल्या पहिलवानाशी कुस्ती करतो. जिंकला तर आई सुटेल. दरवर्षी हरतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो. आपण वर्षश्राद्धाला भटजी बोलावतो, हा पहिलवान बोलावतो, इतकाच फरक.

कॅमेलॉटला पोचल्यावर डूमने फार वेळ घालवला नाही. आर्थरची सावत्र बहीण मॉर्गन ले फे ही मोठी जादूगारीण. डूम तिच्याकडे गेला. ती म्हणाली, तुझ्या आईला मी सोडवते; त्याबदल्यात माझ्या फौजेचं सेनापतीपद घे आणि माझ्या भावाचं राज्य बुडव. डूम तयार झाला. स्टार्क आर्थरच्या बाजूने उभा राहिला, लढाई झाली, मॉर्गन पळाली, आणि डूमची आई राहिली जिथल्या तिथे.

आमच्या हिने दोन्ही अंक वाचून खाली ठेवले आणि पदराने डोळे टिपले.

"एवढं सगळं आईसाठी?" ती म्हणाली. "आणि तुम्ही त्याला वाईट म्हणता? अहो, आमच्या दादाला ठाण्याहून डोंबिवलीला येऊन आईला भेटायला सवड होत नाही. हा बिचारा सहाव्या शतकापर्यंत गेला!"

शेजारचे अण्णा तेव्हा आमच्याकडे पेपर वाचायला आले होते. अण्णा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्त कोर्ट झालं, अण्णा अजून चालूच आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, कशासाठी केलं आणि काय केलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोराच्या फीसाठी पाकीट मारलं तरी त्याला पाकीटमारीच म्हणतात. फार तर शिक्षा देताना न्यायाधीश हळहळतो."

"मग पुंडलिकानं काय केलं?" ही म्हणाली. "आईबापांचे पाय चेपायचे म्हणून साक्षात देवाला विटेवर उभं केलं ना? अजून उभा आहे. त्याला कुणी नाही वाईट म्हणत!"

हा मुद्दा बिनतोड आहे असं मला वाटलं. अण्णांना वाटलं नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग जे बोलले ते मी तेव्हापासून मनात घोळवतो आहे. ते म्हणाले, "पुंडलिकाने देवाला उभं केलं, शेजाऱ्याला नाही. आणि देव आपण होऊन उभा राहिला. दमला असता तर जायला मोकळा होता. श्रावणबाळाची कावड बघा. ती श्रावणबाळाच्याच खांद्यावर होती. तुमच्या या डूमने आईला कावडीत बसवलंय हे कबूल, पण कावड दिलीय कॅमेलॉटच्या रहिवाशांच्या खांद्यावर."

प्रश्न तिथेच मिटायचा, पण मला नसती चौकशी करायची सवय. मी विचार केला, निदान हे कॅमेलॉट कुणाचं, आर्थर कोण, हे बघावं. सर टॉमस मॅलरीने आर्थरच्या सगळ्या गोष्टी एकत्र केल्या आणि १४८५ साली कॅक्सटनने त्या इंग्लंडात छापल्या. तो ग्रंथ चाळल्यावर माझी झोप उडाली.

पहिल्याच प्रकरणात आर्थरचा बाप उथर हा आपल्या एका सरदाराच्या बायकोवर भाळतो. तिचं नाव इग्रेन. सरदार युद्धात मारला जातो, आणि त्याच रात्री, बाईला बातमी पोचायच्या आत, मर्लिनच्या जादूने सरदाराचं रूप घेऊन उथर तिच्या महालात शिरतो. आर्थर हा त्या रात्रीचा. आणि मॉर्गन कोण? त्या मेलेल्या सरदाराची आणि इग्रेनची मुलगी. बाप मारला गेला, आईला फसवण्यात आलं, आणि पोरीला जोगिणींच्या मठातल्या शाळेत घातलं. तिथे ती चेटूक शिकली असं मॅलरी लिहितो. मठातल्या शाळेत हा विषय कसा होता हे मला कळलेलं नाही; कदाचित ऐच्छिक असेल.

म्हणजे बघा. डूम आईच्या उद्धाराला निघालाय, मॉर्गन आईच्या फसवणुकीचं उट्टं काढायला निघालीय, डूमचा नोकर भावाच्या खुनाचा सूड घेतोय. या गोष्टीत घरगुती कारण नाही असा एकच माणूस आहे, तो आयर्न मॅन. आणि तो नायक!

पुढे आणखी आहे. आर्थर राजा झाल्यावर मर्लिन त्याला सांगतो, की मेच्या पहिल्या तारखेला जन्मलेला एक मुलगा तुझा नाश करील. तेव्हा आर्थर त्या दिवशी जन्मलेली खानदानी घराण्यातली सगळी मुलं गोळा करतो, एका गलबतात घालतो आणि समुद्रात सोडून देतो. गलबत फुटतं. ज्याच्यासाठी हे केलं तो मॉर्ड्रेड तेवढा वाचतो. हे वाचताना मी मोठ्याने म्हणालो, "अरे, हा तर कंस!" आई आतून म्हणाली, "कोण आलंय?"

डूमच्या कॉमिकात हे काही नाही. तिथे आर्थर दाढीवाला, भला, रुबाबदार. आयर्न मॅनला पाहुणचार मिळाला, त्याने राजाचं मीठ खाल्लं आणि राजाच्या बाजूने लढला. त्याने 'महाराज, आपला जन्म कसा झाला, आणि ती गलबताची भानगड काय?' असं विचारलं नाही. विचारायला वेळही नव्हता म्हणा. फौज दाराशी आली होती. तुम्हीआम्ही तरी दुसरं काय करतो? दोन भावांच्या इस्टेटीच्या भांडणात आपण ज्याच्याकडे आधी चहा घेतलेला असतो त्याची बाजू आपल्याला न्यायाची वाटू लागते. चहा दुसऱ्याकडे झाला असता तर? हा विचार मी फार वेळ करत नाही, कारण त्याने चहाच गोड लागेनासा होतो.

आणि ती दाराशी आलेली फौज! या गोष्टीतला तो भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. मॉर्गनच्या फौजेत जिवंत माणूस एकही नाही. आर्थरच्या एक्सकॅलिबर तलवारीने आजवर जे जे मारले गेले त्यांना तिने थडग्यांतून उठवलंय. चित्रकाराने पानंच्या पानं भरून सांगाडे काढलेत. वाचताना वाटतं, काय ही दुष्ट बाई, केवढी तिची फौज! पण जरा थांबून हिशेब केला की कळतं, फौज जेवढी मोठी, तेवढा आर्थरचा खतावणीतला जमाखर्च मोठा. त्या प्रत्येकाला भल्या राजानेच मारलेलं आहे. आणि त्या बिचाऱ्या सांगाड्यांना दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. मरतानाही नाही आणि उठतानाही नाही. लढाई संपल्यावर ते कोसळून पडतात आणि गोष्ट पुढे जाते. अण्णांना मी हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मयताची साक्ष ग्राह्य असते, पण फक्त मरण्यापूर्वी दिलेली." म्हणून ते काही या वादात आले नाहीत.

लढाई संपल्यावर एक गंमत होते. मॉर्गन गेली म्हणून डूम संतापलेला. आयर्न मॅनही परत कसं जायचं या विवंचनेत. कालयंत्र तर विसाव्या शतकात. शेवटी दोघं रानात समोरासमोर बसतात, तह करतात, आपापल्या चिलखतातले भाग काढून एकत्र जोडतात आणि त्या जुगाडावर १९८१ मध्ये परततात. अर्धं यंत्र शत्रूचं, अर्धं आपलं, आणि एकट्याच्या अर्ध्याने कुणालाही घरी जाता येत नाही. परतल्यावर न भांडता दोघं दोन दिशांना जातात. काही क्षणांपूर्वी ज्याचा गळा धरला होता त्याच्या हातात स्वतःच्या छातीवरचे स्क्रू द्यायचे, ही गोष्ट लढाईपेक्षा मला अवघड वाटते. माझ्या मित्राला मी स्कूटरचा पाना दिला नव्हता. (पुढे तर कहर झाला. २००८ पासून सिनेमात आयर्न मॅनचं काम करणारा रॉबर्ट डाउनी धाकटा, तोच डॉक्टर डूमचंही काम करणार असं २०२४ साली जाहीर झालं. म्हणजे दोन्ही चिलखतांत माणूस एकच! आमच्या हिला यात काही नवल वाटलं नाही. "मी कधीची तेच सांगतेय," म्हणाली.)

मॅलरीच्या ग्रंथाचा शेवटही असाच आहे हे सांगायचं राहिलं. शेवटच्या लढाईत आर्थर घायाळ होतो. त्याला न्यायला एक नाव येते, तिच्यात काळी वस्त्रं पांघरलेल्या राण्या बसलेल्या असतात. त्यातली एक मॉर्गन. जिने जन्मभर भावाच्या जिवावर कारस्थानं केली तीच त्याला अॅव्हलॉनच्या बेटावर घेऊन जाते. मॅलरीच्या तीनशेहून जास्त वर्षं आधी मॉनमथच्या जेफ्रीने तिची गोष्ट लिहिली, तिच्यात तर ती खलनायिका नव्हतीच मुळी. बेटावर राहून औषधपाणी करणाऱ्या नऊ बहिणींतली ती थोरली होती. पुढच्या लेखकांना खलनायिकेची टंचाई भासली असावी, तेव्हा वैदूबाईची बदली झाली.

एवढं सगळं पुराण मी जेवताना सांगत होतो. ही डूमच्या बाजूला, अण्णा कायद्याच्या बाजूला, आणि मी दोन्हीकडे मान हलवत. आई आपली मऊ भात कालवत ऐकत होती. तिला दोन अंकांतलं काही ठाऊक नव्हतं, आयर्न मॅनला ती 'लोखंडवाला' म्हणत होती. ती मधेच म्हणाली, "पण त्याच्या आईनं सांगितलं होतं का त्याला?"

"काय?"

"की मला सोडव म्हणून. दुसऱ्याचं राज्य बुडवून सोडव म्हणून."

आम्ही तिघंही गप्प झालो. त्या दोन अंकांत डूमची आई एकदाही बोलत नाही. मुलगा बोलतो, मॉर्गन बोलते, आर्थर बोलतो. जिच्यासाठी हे रामायण घडलं तिला तोंडच नाही. पोटच्या पोराने आपल्यासाठी काय करावं हे आईला विचारायची पद्धत तशी आपल्याकडेही नाहीच. तीर्थयात्रेला पाठवायचं, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं, गावचं घर विकून तिला तिसऱ्या मजल्यावर आणायचं, हे सगळं तिच्यासाठी म्हणून तिच्या डोक्यावरून ठरतं.

आईचा प्रश्न मी भाच्याला कळवला. त्याने उत्तरादाखल एका जाड पुस्तकाची माहिती धाडली. ट्रंकेच्या तळाशी तेही निघालं. १९८९ सालचं, लेखक रॉजर स्टर्न, चित्रं माइक मिन्योला यांची. त्यात डूमच्या आईला अखेर तोंड फुटतं. डूम डॉक्टर स्ट्रेंज नावाच्या दुसऱ्या जादूगाराला बरोबर घेऊन पाताळात उतरतो (हाही डॉक्टर, पण हा खरोखरचा सर्जन होता), आणि ऐन वेळी सैतानाशी सौदा करतो: हा डॉक्टर तू ठेव, माझी आई सोड. आई बाहेर येते. सुटका कशाच्या मोबदल्यात झाली ते तिला कळतं. आणि ती तो सौदा धुडकावते. दुसऱ्याच्या जिवावर मला सुटका नको म्हणते, असला मुलगा माझा नव्हे म्हणते. तिने हे म्हणताक्षणी तिच्या आत्म्यावरचा डाग जातो, सैतानाला तिला धरून ठेवता येत नाही आणि ती प्रकाशात वर निघून जाते. मागाहून उघड होतं, की डूमने सगळं ठरवूनच केलं होतं. आई नाही म्हणणार हे त्याला माहीत होतं. ती सुटावी म्हणून त्याने तिच्या मनातून उतरणं पत्करलं.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा अण्णांनी पेपर खाली ठेवला होता. ते म्हणाले, यात फसवणुकीचा स्पष्ट गुन्हा आहे, त्या स्ट्रेंजची संमती कुठेही दिसत नाही. ही म्हणाली, पण शेवटी तोही सुटला ना, मग नुकसान कुणाचं झालं? अण्णा म्हणाले, नुकसान झालं नाही म्हणून संमती घेतली होती असं होत नाही. ही म्हणाली, तुम्हाला मुलगा असता म्हणजे कळलं असतं. अण्णांना दोन मुलगे आहेत. दोघंही बंगलोरला असतात. अण्णा काही बोलले नाहीत, आणि मग हीसुद्धा काही बोलली नाही.

आईने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. डोळ्यांशी नेऊन तिने त्या पानावरचं चित्र बराच वेळ पाहिलं.

"एकटीच गेली वर?"

"एकटीच."

"आणि हा?"

"हा खाली राहिला. मुखवटा घालून."

तिने पुस्तक मिटलं, हिच्याकडे वळली आणि म्हणाली, "तुझ्या दादाला फोन लाव गं जरा. मला बोलायचंय त्याच्याशी."